बुधरामकाकांची सुटलेली थाप

"तुही मागणी खरी हाय पोरी, पन घोषणा तालात नाही." बुधरामकाका मला पहिल्यांदा भेटले ते हे सुनवायलाच. वनहक्काच्या पट्ट्यांसाठी आम्ही तहसीलसमोर घसा फाडत होतो, आणि हे गृहस्थ शेजारच्या चहाटपरीच्या टेबलावर बोटं वाजवून मला ताल शिकवत होते! मला राग आला. घोषणा मात्र बदलली.

काका दरेकसा गावचे ढोलकीवाले. मित्र सोमाजीच्या गाण्यांच्या पार्टीत त्यांनी उमर काढली. पार्टीची एकच कॅसेट निघाली, पण ती आमच्या झाडीपट्टीत घरोघर वाजली. सोमाजी गेले आणि काकांची ढोलकी खुंटीला लागली. विचारलं की म्हणायचे, "गळाच गेला. आता हात कोनासाठी चालवू?"

यंदा नागऱ्याकडच्या एका मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, गोंदियाच्या काही तरुणांनी त्या कॅसेटमधली गाणी जशीच्या तशी सादर करायचं ठरवलं. पोस्टरवर सोमाजींचा हा मोठा फोटो. काकांचं नावसुद्धा नाही! कलाकाराचे हात उचलायचे आणि नाव गाळायचं, याला चोरीच म्हणतात. मी निषेधाचं पत्रक छापलं आणि काकांना घेऊन भरदुपारी मंडईत धडकले.

"कायले भांडून राहिलीस? पहिले आयकू तर दे," म्हणत ते पुढे जाऊन बसले.

एका गाण्यात, तिसऱ्या कडव्याला, ढोलकीवाल्या तरुणाची एक थाप सुटली. काका इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. "माही चूक पाठ केली ना यानं! रेकॉर्डिंग मोहाच्या झाडाखाली होती. मुंगळा डसला होता मले!"

गाणं संपताच मी मंचाशी जाऊन भांडले. तो तरुण खाली उतरला आणि काकांच्या पायाच पडला. "काका, कॅसेटवर तुमचं नावच नाही, कसं समजणार? अन् त्या एका जागेसाठी मी महिनाभर रियाज केला!" त्याने माईकवर काकांचं नाव पुकारलं आणि आपली ढोलकी त्यांच्यापुढे ठेवली. काकांनी ती उचलली. मग ते मंचावर चढले.

तेच गाणं सुरू झालं. तिसऱ्या कडव्याला काकांनी ती थाप बरोबर जागेवर दिली. मागून एकजण ओरडला, "ओ काका, गलत हो गया! कॅसेट में ऐसा नहीं है!"

मी उसळून उठले. काकांनी हातानेच मला खाली बसवलं. "बराबर बोलला तो. चुकलो बाबू."

त्यांनी गायकाला कडवं पुन्हा घ्यायला लावलं. त्या जागेवर आले, हात वरच्या वर थांबवला, आणि अख्ख्या मंडईने "हाँ!" म्हणून ती थाप भरून काढली.