अक्काचा पाय सरकला नव्हता

ही गोष्ट सांगायचं मी सहा वर्षं टाळलं. गेल्या महिन्यात माझी थोरली बहीण, अक्का, धुळ्याला मुलाच्या घरी वारली. दहाव्याला तिचा प्रमोद आलेल्यांना सांगत होता, "मामांनी आईसाठी सगळं केलं होतं हो. पण तिचा स्वभाव हट्टी. ऐकलं नाही आणि पडली." मी शेजारीच बसलो होतो. तेव्हाही बोललो नाही... म्हणून आता लिहितो.

अक्का पिंपळनेरला एकटी राहायची. जळगावात तिचं खुब्याचा सांधा बदलण्याचं ऑपरेशन झालं आणि सहा आठवड्यांसाठी ती तिथेच मेहरूणला माझ्याकडे आली. तिला एकच घाई होती, आपल्या पायांनी जाऊन पिंपळनेरच्या घराचं कुलूप उघडायचं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी आधी घर फिरून पाहिलं. सतरंज्या गुंडाळा, पायपुसणी काढा, टीव्हीची वायर भिंतीकडे घ्या, बसायला उंच खुर्ची ठेवा, बाथरूमची फरशी कोरडी ठेवा आणि कमोडजवळ धरायला स्टीलची दांडी बसवा. मी सगळं केलं. दांडीही आणली. पण निवृत्तीनंतर हौसेने लावलेल्या त्या आकाशी टाइल्सना भोकं पाडायला मन धजेना. एखादी तडकली तर तसा रंग आता मिळत नाही, हे मी अक्कालाही ऐकवलं. ती वॉकर टेकवत बाथरूमच्या दारापर्यंत आली, टाइल्सवरून हात फिरवला आणि आमच्या अहिराणीत म्हणाली, "राहू दे नाना. तुन्ही भीत नवी नवरी शे. नाक टोचू नको तिनं." दोघंही हसलो. दांडी खोक्यासकट कपाटावर गेली.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी पेपर वाचत असताना आतून आवाज आला. कमोडवरून उठताना तिने आधाराला नळ धरला होता. ओला हात निसटला. खुब्याजवळचं हाड मोडलं, पुन्हा ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर अक्का कोणी धरल्याशिवाय कधी चालली नाही. पिंपळनेरचं कुलूप तसंच राहिलं.

प्रमोद धुळ्याहून थेट दवाखान्यात आला. "धरायला काही लावलं नव्हतं का, मामा?" त्याने विचारलं. मी तोंड उघडण्याआधीच अक्का खाटेवरून बोलली, "लायेल व्हतं रे. मीच धरं नही. मना पाय सरकना." दांडी लावलेली होती, आपलाच पाय सरकला, हे सांगताना तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. प्रमोद संध्याकाळी घरी मुक्कामाला येणार होता. मी दुपारीच प्लंबर बोलावला आणि दांडी बसवून घेतली. दहा मिनिटांचं काम. एकही टाइल तडकली नाही.

आता माझे गुडघे गेलेत. रोज सकाळी त्याच दांडीला धरून उठतो. दोन महिन्यांपूर्वी मनाशी ठरवून धुळ्याला गेलो होतो. प्रमोद चहा सांगायला आत गेला, खोलीत मी आणि अक्का दोघंच. मी शब्द जुळवत होतो, तर तिनेच विचारलं, "नाना, दांडी धरीसन उठस ना?"

"धरतो," मी म्हणालो.

पुढे "अक्का, माझं चुकलं" एवढंच म्हणायचं होतं... तेवढ्यात चहा आला.