बेरिलचा लाल गालिचा

नऊ नंबरचं घर बेरिल ओल्ड्रॉइडच्या आधी तिघांनी नाकारलं होतं. पहिलीनं दारातच नाक दाबलं. दुसऱ्यानं स्वयंपाकघराच्या छतावरची काळी बुरशी पाहून पाय मागे घेतला. आणि तिसऱ्याला कुणीतरी सांगितलं, की आधीचा भाडेकरू आंघोळीच्या टबात मुंगसासारखी जनावरं पाळायचा. ते खरंही होतं.

बेरिलला नगरपालिकेच्या कचेरीतला कारकून म्हणाला, "बाई, एकदा आत जाऊन नीट बघून तर घ्या."

"न्हाणीघर खालीच आहे ना?"

"आहे."

"दारापुढं व्हीलचेअरसाठी उतार बांधून देणार ना?"

"देऊ."

"मग बघायचंय काय? आणा ती चावी!"

यॉर्कशायरच्या त्या टेकडीवरच्या वसाहतीत बेरिलला ओळखत नाही असं माणूस नव्हतं. सत्तावीस वर्षं तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचे बटाटे कुस्करले. आता एकसष्ट वर्षांची, बुटकी, पण दंडात अजून तोच जोर. लग्न एकदा केलं होतं. ते तिच्याच शब्दांत "दोन हिवाळे टिकलं". बाकीचं आयुष्य थोरल्या बहिणीबरोबर, विनीबरोबर, तिसऱ्या मजल्यावरच्या बिनलिफ्टच्या फ्लॅटमध्ये गेलं. मग विनीला झटका आला, डावी बाजू लुळी पडली, आणि व्हीलचेअर काही जिने चढत नाही. आठ महिने झाले, विनी वृद्धाश्रमात होती.

आता तीन आठवड्यांनी, गुरुवारी सकाळी अकरा वाजता, आरोग्य खात्याच्या इक्बालबाई नऊ नंबर तपासायला येणार होत्या. त्यांनी मान डोलावली तर विनी घरी. नाही डोलावली तर आश्रमातली ती खोली विनीच्या नावावर कायमची.

बेरिलनं पदर नसताना पदर खोचला म्हणा ना! भिंतींवर वॉलपेपरचे सात थर निघाले. एकावर गुलाब, खाली बदकं, त्याखाली नारिंगी गोळे, आणि सगळ्यांत आत लाकडाचा भुसा दाबलेला तो खरखरीत कागद, जो पाण्यालाही भीक घालत नाही. ती गरम पाणी मारायची, पत्र्यानं खरवडायची आणि एखादी लांब पट्टी एका ओढीत निघाली की एकटीच "आली रे आली!" म्हणून ओरडायची. टब तर तिनं सोडा टाकून चार वेळा घासला. पाचव्यांदा घासला तो निव्वळ मजा वाटली म्हणून.

रोज संध्याकाळी विनीचा फोन.

"आज काय केलंस?"

"भिंती रंगवल्या. पिवळ्या."

"पिवळा म्हणजे कसला?"

"कस्टर्डसारखा."

"तुझ्या शाळेतल्या कस्टर्डसारखा, की चांगल्या?"

"थोबाड बंद कर, विनी!" आणि दोघी खिदळायच्या.

राहिली होती जमीन. या वसाहतीत भाडेकरू गेला, की नगरपालिकेची माणसं येतात आणि गालिचा कितीही चांगला असो, उपटून कचऱ्याच्या डब्यात टाकतात. नवा माणूस येतो तो उघड्या फळ्यांवर. आणि उघड्या फळ्या म्हणजे इथं मोठी नामुष्की. जमिनीवर गालिचा पडेपर्यंत बायका खिडकीचे पडदेसुद्धा उघडत नाहीत. त्यामुळे कुणी घर सोडणार अशी कुणकुण लागली, की शेजारी आधीच धावतात.

चौदा नंबरची म्हातारी मुलीकडे निघाली, तसा डेस्मंड धावला. चाळीस वर्षं घरोघरी गालिचे बसवून नुकताच निवृत्त झालेला, सहा फुटी डेस्मंड. तपासणीच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, तो खांद्यावर गुंडाळी घेऊन दारात उभा राहिला.

"राणी, डोळे मीट."

"रंगाचा ब्रश आहे हातात. तुलाच रंगवीन."

"मीट म्हणतोय ना!"

गालिचा उलगडला आणि बेरिलनं ब्रश बाजूला ठेवून चपला काढल्या. गडद लाल, आणि इतका दाट, की पाऊल घोट्यापर्यंत बुडावं. डेस्मंडनं तो संध्याकाळपर्यंत भिंतीपासून भिंतीपर्यंत असा बसवला, की जणू घराबरोबरच उगवला होता.

"इक्बालबाई बघतच राहतील," बेरिल म्हणाली आणि तिनं सगळे पडदे सरकवून टाकले.

गुरुवारी सकाळी दहाला, डेस्मंड गालिच्याच्या कडा पुन्हा तपासत असताना, समोरची गेनर आली. जिभेला धार असलेली बाई, पण येताना आपल्या आईची जुनी व्हीलचेअर ढकलत आणली.

"तालीम नको करायला? बस यात. आणि डावा हात मांडीखाली दाब. विनी फक्त उजव्या हातानं आणि उजव्या पायानं चालवणार आहे."

बेरिल हसतहसत बसली. उजव्या हातानं चाक ओढलं, उजव्या पायानं रेटा दिला. खुर्ची हलेना. पुन्हा ओढलं. चाक लाल मऊ लोकरीत आणखी खोल गेलं. दात-ओठ खाऊन जोर केला, तर खुर्ची जागच्या जागी तिरकी झाली. चिखलात रुतलेली गाडी बरी.

"डेस्मंड," बेरिल हळूच म्हणाली, "हे रे काय?"

डेस्मंडनं गुडघ्यावर बसून चाकाकडे पाहिलं. "चाळीस वर्षं मी पायांसाठी गालिचे बसवले, राणी. चाकांचा विचारच नाही आला."

"बटाटे कुस्करणारे हात तुझे," गेनर म्हणाली, "तुलाच हलेना, तर विनीचं काय होणार?"

बेरिल ताडकन उठली. "उपट!"

"काय?"

"गालिचा उपट!"

"अगं, मी बसवलेला गालिचा मी जन्मात कधी उपटला नाही!"

"मग आज शीक! किती वाजले, गेनर?"

"दहा वीस."

मग जे सुरू झालं! सामान मागच्या अंगणात. डेस्मंड डोळे मिटून सुरी चालवतोय, बेरिल गालिचा धरून ठेवणाऱ्या कडेच्या खिळ्यांच्या पट्ट्या पहारीनं उखडतेय, गेनर गुडघ्यांवर रांगत एकेक खिळा वेचतेय आणि दर खिळ्याला एक शिवी हासडतेय. गुंडाळी दारात अडकली, तशी तिघांनी ती खिडकीतून लोटली. अर्धी गेली, अर्धी अडकली. घरानं लाल जीभ बाहेर काढावी तशी ती लोंबत राहिली.

त्या जिभेपलीकडून आवाज आला, "मिसेस ओल्ड्रॉइड? मी दारानं येऊ, की खिडकीनं?"

इक्बालबाई! आणि अकराला अजून दहा मिनिटं होती.

बेरिलचे केस धुळीनं पांढरे, गालाला कस्टर्ड रंग. पायाखाली उघड्या फळ्या. लाजेनं तिला कुठं बघावं कळेना. "बाई, कालपर्यंत सुंदर गालिचा होता हो, शप्पथ!"

इक्बालबाई स्वतःच खुर्चीत बसल्या, डावा हात मांडीवर ठेवला, उजव्यानं चाक ढकललं आणि उजव्या पायानं दिशा दिली. खुर्ची सुळ्ळकन निघाली. खिडकीपर्यंत, वळून पलंगाच्या जागेपर्यंत, तिथून न्हाणीघर. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मात्र 'टक्' झालं.

"ही उंबऱ्यावरची पट्टी काढावी लागेल."

डेस्मंडनं त्यांचं वाक्य संपायच्या आत ती काढली.

"गालिचा कुणी काढायला सांगितला?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही. मीच बसून पाहिलं."

इक्बालबाईंनी कागदावर सही केली. "बहुतेक घरांत हे मला सांगावं लागतं, आणि मग रडारड होते. सोमवारी घेऊन या बहिणीला."

गेनरनं डेस्मंडला मिठी मारली आणि लगेच, आपण हे काय केलं, असा चेहरा करून सोडलीही. बेरिलनं फोन लावला.

"विनी! सोमवारी!"

"सोमवारी कधी?"

"दुपारी येते गाडी घेऊन."

"सकाळी ये गं. दुपारपर्यंत इथं माझा जीव राहायचा नाही."