दोनघास आत्या विमानतळावर

एकट्याने जेवणे ही आत्याच्या लेखी चोरीच होती. ताट पुढे आले की ती आधी दाराकडे बघायची, दारात कुणी नसले तर रस्त्याकडे, आणि रस्ताही रिकामा असला तर उठून शेजारणीला हाक मारायची. "थांब वं माय, दोन घास खाऊन जाय." मग ती शेजारीण घरून पोटभर जेवून का निघालेली असेना! पोस्टमन, विजेचे मीटर बघणारा, बियाणे विकायला आलेला, मते मागायला आलेले एका पक्षाचे लोक आणि त्यांच्या मागोमाग आलेले दुसऱ्या पक्षाचे लोक, असे सगळे तिच्या ओसरीवर जेवून गेलेले आहेत. इंझोरी या तिच्या गावात तिचे खरे नाव फारसे कुणाला माहीत नव्हते. दोनघास आत्या म्हटले की कुणीही घर दाखवायचे. घास मात्र कधी दोनच नसत. समोरचा माणूस ताटावर हात आडवा धरून थकायचा, तेव्हा कुठे ती वाढणे थांबवायची.

मी तिचा भाचा. मुंबईत अंधेरीला राहतो. माझे घर विमानतळाजवळ आहे ही बातमी आमच्या गोतावळ्यात कुणी पसरवली देव जाणे, पण तेव्हापासून वाशीम जिल्ह्याचे विमान माझ्याच घरातून सुटते. कुणाचा मुलगा दुबईला निघतो, कुणाचे जावई सिंगापूरला, आणि आदल्या दिवशी सगळे सामानसुमानासह माझ्याकडे मुक्कामाला असतात. त्यामुळे विमानतळाबाहेर वेळ कसा काढावा या विषयात मी चांगलाच मुरलो आहे. चहा कुठे प्यावा, कुठे अजिबात पिऊ नये, कोणत्या कठड्यावर बसले की पहारेकरी उठवत नाही, सावली दुपारनंतर कुठे सरकते, हे सगळे मी पाहुण्यांना आल्या आल्या सांगून टाकतो. पाहुणे मान डोलावतात आणि आपल्याला हवे तिथेच बसतात.

आत्या आली ती नंदाला पोचवायला. नंदा ही तिची एकुलती एक लेक. यजमान लवकर गेले, तेव्हापासून चार एकर सोयाबीन-तुरीवर आत्याने तिला वाढवले. पोरगी अकोल्याला नर्सिंग शिकली, नागपूरच्या एका दवाखान्यात नोकरी करता करता जर्मन भाषा शिकली, आणि एक दिवस तिला जर्मनीच्या इस्पितळातून बोलावणे आले. गावाने पेढे मागितले. आत्याने लेकीला जायलाच सरळ नाही म्हटले. का, हे आमच्या घरात कुणाला विचारावे लागले नाही. आत्याचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठे काका, ती परकरात असताना सुरतेला कामाला गेले होते. पोळ्याला येतो म्हणाले होते. ते पुन्हा आलेच नाहीत. पत्र नाही, निरोप नाही, कुणी कुठे बघितल्याची बातमीसुद्धा नाही. "गेलेलं माणूस वापस येत नसते," एवढेच आत्या नंदाला म्हणाली.

नंदाही शेवटी तिचीच लेक. "तू हो म्हणशील, तवाच तुह्या हातचं खाईन," असे म्हणून ती भरल्या ताटावरून उठली. तेव्हापासून मायलेकींचा अबोला. साऱ्या मुलखाला जेवू घालणाऱ्या बाईच्या घरात पोटची पोर आपली वेगळी खिचडी शिजवून खाऊ लागली. व्हिसा आला, तिकीट आले, बायका भेटायला येऊन गेल्या, पण अबोला काही सुटला नाही. मूर्तिजापूरहून रेल्वेने दोघी एकाच बाकावर बसून मुंबईला आल्या, तरी बोलल्या नाहीत. माझ्या घरी त्यांचा दुभाष्या मी झालो. "तिले सांग, स्वेटर वरच्या पिशवीत हाये." "तिले सांग, मले दिसलं." दोघींमध्ये अंतर एका उशीचे! मला हसू येत होते आणि आतून धास्तीही वाटत होती. ही पोरगी अशीच आईच्या हातचे न खाता समुद्रापार गेली, तर दोघींच्याही घशाखाली पुढे घास उतरणार नाही, हे दिसत होते.

सकाळी आम्ही विमानतळावर पोचलो. आत्याने शिदोरी अशी बांधली होती की नंदाच्या बॅगेपेक्षा तीच जड. दशम्या, तिखट पुऱ्या, जवसाची चटणी, कणकेचे लाडू. नंदा तिच्याकडे बघायलाही तयार नव्हती, पण आत्याने बांधायचे सोडले नव्हते. आम्ही वरच्या मजल्यावर, जाणाऱ्यांच्या दारापाशी उतरलो आणि नंदाच्या मोबाईलवर निरोप आला, विमान संध्याकाळी सुटेल. सामान घेणारी खिडकीही दुपारनंतरच उघडणार होती. नंदाने ढकलगाडी भिंतीला लावली, स्वतः तिच्यावर चढून बसली आणि म्हणाली, "दादा, मायले घरी घेऊन जाय. मी बसते इथं." आत्या म्हणाली, "तिले सांग, मी कुठं बी जात नाई." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "चहा भेटते का रे इथं?"

चहा मिळतो. काचेच्या दुकानात, कागदी पेल्यात, दोऱ्याला बांधलेली पुडी बुडवून मिळतो. मी तिला सांगणार होतो की त्या वाटेला जाऊ नकोस, पण ती आधीच जाऊन उभी राहिली होती. तिने एक घोट घेतला, पेल्यात डोकावून पाहिले आणि काउंटरवरच्या मुलीला अगदी काळजीने विचारले, "हा कोण्या बिमार माणसासाठी केला का वं माय?" ती मुलगी हसली, आणि त्या हसण्याबद्दल लगेच तिला एक लाडू मिळाला. आम्ही पेला तसाच घेऊन परत आलो. आत्या थोडा वेळ उभी राहिली. समोर एक म्हातारी नातवाला सोडत नव्हती. पलीकडे एक नवी नवरी नवऱ्याच्या खांद्यावर डोके ठेवून मुसमुसत होती. ज्याला त्याला रडू येत होते. "बाप्पा, इथं तर मयतात आल्यावानी वाटून राह्यलं," आत्या म्हणाली. "दुसरीकडं चाल कुठं बी."

दुसरीकडे म्हणजे खाली. मी तिला लिफ्टने खालच्या मजल्यावर नेले, तिथे निदान वारा लागतो म्हणून. कठड्यापाशी ही गर्दी! हारतुरे, फुगे, नावांच्या पाट्या धरलेले ड्रायव्हर. समोरचे काचेचे दार उघडत होते आणि माणसांचे लोंढे बाहेर येत होते.

"हे लोक कुठं चालले?" आत्याने विचारले.

"चालले नाहीत, आत्या. आले."

"कुठून?"

"सगळीकडून. दुबई, लंडन, अमेरिका."

"कुठं आले?"

"आपापल्या घरी."

 आत्या कठड्याजवळच्या एका बाकावर टेकली आणि दाराकडे बघत राहिली. मला वाटले, दमली असेल. मी आपला मोबाईल काढला. थोड्या वेळाने मान वर करून पाहतो तर बाकावर शिदोरी उघडलेली आणि आत्याभोवती पंगत बसलेली. परभणीकडचे एक कुटुंब आखातातून येणाऱ्या मुलाची वाट बघत होते, त्यांच्या हातात दशम्या. दोन पाटीवाले ड्रायव्हर पाट्या काखेत धरून पुऱ्या खात होते. एका गुजराती आजोबांना तिखट लागत होते तरी ते चटणी सोडत नव्हते. पहारेकरी आला आणि म्हणाला, इथे असे जेवायला बसता येत नाही. "बसू नको मंग, उभ्यानंच खाय," आत्या म्हणाली. तो भिंतीकडे तोंड करून लाडू खाताना मी पाहिला आहे.

विमानतळावर वेळ घालवायला लोक पुस्तक वाचतात, दुकाने हिंडतात, खुर्चीत पेंगतात. आत्याने ते दार चालवायला घेतले. कोण कुणाची वाट बघतो याची तिने आधी चौकशी करून ठेवली, आणि आतून कुणी दिसले की तिचा आवाज लागायचा, "ओ बाई, तुमचा का तो, लाल शर्टवाला?" परभणीचा मुलगा आला तेव्हा त्याच्या आईने आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग त्याला मिठी मारली. आत्या त्या परक्या बाईबरोबर मनसोक्त रडली. रडून झाल्यावर माझ्याजवळ आली.

"हे रोज असेच येतात का रे?"

"रोज. रात्रंदिवस."

"आन हे मले कोणी सांगतलं नाई," ती म्हणाली.

तिचा चेहरा मला अजून आठवतो. कित्येक वर्षे एकाच गेलेल्या माणसाकडे बघत राहिलेली ती बाई, आज पहिल्यांदा येणारी माणसे बघत होती. ती ताडकन उठली. "चाल वर. पोरगी सकायपासून उपाशी हाये." तिने शिदोरीत हात घातला आणि तो तसाच राहिला. फडके रिकामे होते. दशमी नाही, पुरी नाही, लाडवाचा चुरासुद्धा नाही. सगळी पंगत उठली होती आणि आत्या आपल्या लेकीचा वाटा बाजूला काढायला विसरली होती. शिदोरी उघडली की आधी भोवतालच्यांना वाढायचे, हे तिच्या हाताला असे पक्के ठाऊक, की हात थांबलाच नव्हता. "घरचं समदं वाटून देल्लं रे मी," ती मटकन खाली बसली. "आता तिले काय देऊ?"

विकतचे घेऊ, म्हणालो. एरवी तिने मला दारात उभे केले नसते. विकतचे अन्न म्हणजे घरच्या चुलीचा अपमान, असे तिचे मत. पण आता ती मुकाट्याने उठली आणि आम्ही खालच्या मजल्यावरच्या तसल्याच एका काचेच्या दुकानासमोर उभे राहिलो. पाव, केक, पानात गुंडाळलेले काहीबाही. तिची नजर फिरत फिरत एका कोपऱ्यात थांबली. "तो समोसा हाये ना? तो घे." मग वर जाताना लिफ्टमध्ये म्हणाली, "कारंज्याच्या स्टँडवर पोरगी समोश्यासाठी लय रडे. मी कधी घेऊन देल्ला नाई. घरी जेवाले हाये म्हणून ओढत एसटीत बसवो."

नंदा होती तिथेच बसलेली. आत्या तिच्या शेजारी बॅगेवर टेकली. कागदी डबी उघडली, समोश्याचा कोपरा मोडला आणि तिच्यासमोर धरला. माझ्याकडे वळली नाही, 'तिले सांग' म्हणाली नाही.

"हो म्हणते मी, नंदा. घे."

नंदा त्या हाताकडे बघतच राहिली. मग तिने तोंड उघडले. चावता चावता डोळ्यांतून पाणी, आणि पहिले वाक्य काय, तर "माय, थंडा हाये समोसा." "हाये तर हाये, खाय," आत्या म्हणाली. मलाही त्यातला तुकडा मिळाला. तो समोसा खरोखरच वाईट होता, आणि त्या दिवशी आम्हा तिघांपैकी कुणीही त्याला नाव ठेवले नाही.

खिडकी उघडली तशी नंदा आत गेली. दारातून तिने वळून हात हलवला, आत्यानेही हलवला. मला वाटले, आता ही कोसळणार. तर ती म्हणाली, "चाल, खाली जाऊ." खाली जाऊन ती कठड्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेली. एका जागी उभी राहिली, मान तिरकी करून पाहिले, खांब आड येतो म्हणून सरकली, पुन्हा पाहिले. शेवटी एका ठिकाणी दोन्ही हातांनी कठडा धरला. "मी इथं उभी राहीन. तिले फोन लाव." नंदा अजून सामानाच्या रांगेतच होती. फोनवर आत्याने तिला जेवण, थंडी, तब्येत यातले एक अक्षर सांगितले नाही. म्हणाली, "येशीन तवा खांबाच्या डाव्या हाताले पाह्यजो."

पुढे सुट्टीवर येणाऱ्या नंदाला घ्यायला आत्या त्या जागी तीनदा उभी राहिली. प्रत्येक वेळी इंझोरीहून, शिदोरी घेऊन, विमानाच्या कितीतरी आधी. मग मागच्या वर्षी घरच्या घरी, फार त्रास न होता, ती गेली. तेव्हा नंदा घाईत आली आणि घाईत परत गेली, कुणाला काही सुचतच नव्हते.

यंदा ती सुट्टीवर आली. मी त्या जागी जाऊन उभा होतो. दार उघडले आणि ती बाहेर आली. मला भेटली, पण ढकलगाडी पार्किंगकडे वळवण्याऐवजी तिने बाजूला लावली, कठड्याला वळसा घालून माझ्याशेजारी आली आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली. मी म्हटले, गाडी उभी आहे. "थांब दादा जरासा," ती म्हणाली. "माय इथून काय पाहे, ते पाहू दे."

समोरून माणसे येत होती. कुणाची तरी आजी आली, कुणाचा तरी नवरा आला, आमच्या मागून एक पोरगी नाव घेऊन ओरडली आणि धावत सुटली. नंदाने कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

"इथून समदे येतानाच दिसतात, दादा," ती म्हणाली.