धरणावर असतात

कडुबा माझा थोरला भाऊ. लोकं विचारायचे भाऊ कुठं असतो, तर मी म्हणायची, धरणावर असतात. खोटं नव्हतं ते. पण ऐकणाराला वाटायचं पाटबंधारे खात्यात नोकरीला हायेत. मी वाटू द्यायची.

खरं असं की दादा आन केसरवहिनी नावेत राहायचे. बिडकीनच्या पुढं जायकवाडी धरणाच्या पाण्याचा फुगवटा हाय, तिथं त्यांची शिडाची नाव. लेकरूबाळ नाय. गावात एक खोली होती, पण तिच्यात नुसतं सामान. मासे धरायचे, नायतर चारा, शेळ्या, एखादी मोटरसायकल ह्या काठावरून त्या काठाला न्यायचे. आम्ही शेतीवाडीवाले, आमच्यात हे काम कोणी केलेलं नव्हतं. म्हणून मला लाज.

एकदा मी दोन दिवस राहिले त्यांच्याजवळ. वहिनी पहाटं पत्र्याच्या डब्यातली चूल पेटवायची, डब्याच्या बुडाला माती थापलेली, नाव जळू नये म्हणून. तोवर दादा जाळं ओढायचा. चहा पिताना दोघांचं भांडण ठरलेलं. दादा म्हणायचा वारं पैठणकडून येतंय. वहिनी म्हणायची, "तुमच्या नाकाला सर्दी झालीय, वारं इकडून हाय." बहुतेक वहिनीचंच खरं निघायचं. जेवायच्या वक्ताला वारं चांगलं असलं तर ती नाव थांबवू द्यायची नाय. "वल्हं पायानं धरा आन हातानं जेवा," म्हणायची. रंगाच्या बादलीत तुळस लावलेली. तिला पाणी घालायचं तर वाकून लोटा बुडवला की झालं.

शीड वहिनीच्या जुन्या लुगड्यांचं होतं. तेला ते दोघं पदर म्हणायचे. शीड सोडायचं असलं की दादा वल्ह्यावरून ओरडायचा, "केसर, पदर सोड." काठावरचे गडी खिदळायचे. सांडू म्हणून एक म्हशीवाला, तो म्हणायचा, "कडुबा, दिवसाढवळ्या?" वहिनी तिथूनच म्हणायची, "तुझ्या म्हशी उघड्या फिरतेत, त्यायला कापडं शिव आधी." सगळे हसायचे. मी मात्र तोंड झाकून बसायची, कोणी ओळखीचं बघतंय का म्हणून.

दोन वर्षांमागं माझ्या लेकीचं, संस्कृतीचं लग्न जमलं. फुलंब्रीचे पाव्हणे, शिकलेले. व्याह्यांनी विचारलं, मामा काय करतात. मी म्हणलं धरणावर असतात. ते म्हणले, "अरे वा, इरिगेशनला." मी चहा ओतत राहिले.

आता लग्नात मामानं पोरीला मांडवात आणायचं, आन अक्षता पडूस्तोवर तिच्या मागं उभं राहायचं. तिथं कोणी दादाला नोकरीचं विचारलं तर? मी चुलतभाऊ इंद्रजीतला मामा म्हणून उभं करायचं ठरवलं, तेचं पुंडलिकनगरला मेडिकल हाय. पत्रिकेतबी तेचंच नाव टाकलं. हे सांगायला मी काठावर गेले. दादा जाळ्याला गाठी मारत होता. सगळं ऐकून घेतलं आन म्हणला, "पत्रिकेत नाव नाय तर नाय. पाण्यात हाय की." आन हसला. मग म्हणला, "बरंच झालं आशा. जमिनीवर लई वेळ उभं राहिलं की मला डुलल्यासारखं होतंय."

वहिनी हसली नाय.

लग्नाला दोघं आले. मागच्या खुर्च्यावर बसले. दादानं नवा सदरा घातला होता, घडीच्या रेघा तशाच दिसत होत्या. इंद्रजीत पोरीच्या मागं उभा होता, आन मी सारखी मागं बघत होते, दादा कोणाशी बोलत तर नाय ना. जाताना दादानं एकच मागितलं. "कार्यालयाच्या दारावरचा बॅनर टाकून देणार असशीन तर मला दे. मजबूत दिसतोय." मी म्हणलं ने. मला वाटलं खाली अंथरायला नेला.

त्याच्यानंतर मी नावेवर गेलेच नाय.

मागच्या महिन्यात दादा वल्ह्यावरच गेला. छातीत कळ आली. वहिनीनं एकटीनं नाव काठाला आणली.

पैठणला घाटावर दहावा झाला. संस्कृतीचे सासरे गाडी घेऊन आले होते. वहिनीला म्हणले, "ताई, तुम्हाला क्वार्टरवर सोडू का? साहेबांचं क्वार्टर धरणावरच असन ना?"

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणली, "व्हय. धरणावरच."

नवऱ्याच्या दहाव्याला तिनं माझं खोटं सांभाळलं. मला तिथं उभं राहवंना.

"क्वार्टर नाय पाव्हणं," मी म्हणलं. "नाव हाय. दादा मासे धरायचा. लग्नाच्या आधीपासून मी तुम्हाला खरं सांगितलं नाय."

 व्याह्यांनी गाडीचं दार उघडलं, म्हणले, "बसा."

काठावर नाव दहा दिवस तशीच बांधलेली. तुळस वाळून गेलेली. सांडू म्हशी सोडून काठाला आला. वहिनी नावेत चढली, शिडाची दोरी हातात घेतली, आन थांबली. नुसती थांबली. मला आधी कळंना. मग ध्यानात आलं, कोणी म्हणल्याबिगर तिचा हात सुटत नाय.

व्याही माझ्या शेजारी उभे.

"वहिनी," मी मोठ्यानं म्हणलं, "पदर सोडा."

सांडू हसला नाय. शीड उघडलं. लुगड्यांच्या मधोमध लग्नातला बॅनर शिवलेला. उन्हानं रंग उडाला होता, पण वाचता येत होतं, चि. सौ. कां. संस्कृती. दादाची बसायची जागा त्या शिडाच्या मागं, वल्ह्यापाशी.

वहिनी म्हणली, "रोज बसताना म्हणायचे, मी हाय भाचीच्या मागं."

व्याह्यांनी टोपी काढली. वहिनीनं मला हात केला, "या आशाबाई, बसा वल्ह्यावर." मी नावेत चढले, पण पुढंच बसले, तुळशीच्या बादलीजवळ. दादाच्या जागेवर बसायला मला तोंड नव्हतं.