धाकली आणि बर्फाच्या सिनेमाचा दुसरा भाग

आमची धाकली कुकर गॅसवर ठेवायची आणि अंगणात जाऊन उभी राहायची. शिट्ट्या तिथूनच ऐकायच्या, आणि पुरेशा झाल्या की मला नाहीतर तात्यांना आत पिटाळायचं, "जावा, बंद करा त्येला." मोटरीचा स्टार्टर ती वाळक्या काठीनं दाबायची. सणसरच्या आमच्या घरापुढून उसाची ट्रॉली निघाली की ओट्यावर बसलेल्यांना हाताला धरून आत घ्यायची. वीज, विंचू, डॉक्टर, पाहुणे, ती कुणाला म्हणून भ्यायची नाही असं नव्हतं. आम्ही हसलो की म्हणायची, "हसा की! भ्या असल्यालं बरं. भेणारं माणूस बघून पाय टाकतं."

धाकली म्हणजे माझी सावत्र आई. माझी आई काविळीनं गेली तेव्हा मी चौथीत होते. पुढच्या वर्षी तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुसरं लग्न केलं. आई थोरली, म्हणून ही धाकली. मी तिला काय म्हणायचं यावर घरात बरीच कुजबुज झाली. शेवटी तिनंच निकाल लावला, "आई येकच असती. तू बी मला धाकलीच म्हण." लग्नाच्या दिवशी माप ओलांडायला म्हणून उंबऱ्याशी आली ती तिथंच थांबली. भिंतीवरच्या आईच्या फोटोकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "ताई, येऊ का आत?" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला काही हसू आलं नाही. फोटो आता काय उत्तर देतोय म्हणून मी गारठून उभी होते.

आमच्याकडं दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक बांधतात. पहिलीनं नव्या संसारावर नजर ठेवू नये, अशी त्यामागची समजूत. धाकलीनं त्या टाकाचं भलतंच केलं. ती त्याला विचारायची! नवं लुगडं आधी रात्रभर आईच्या फोटोखाली ठेवायची, सकाळी टाक चिमटीत धरून "ताई, नेसू का?" म्हणायची, मग नेसायची. तात्या बारामतीच्या एमआयडीसीत एका दूध प्रकल्पात कामाला होते, मोटारसायकलवर जायचे-यायचे. संध्याकाळी उशीर झाला की टाक तिच्या मुठीत. कॅनॉलच्या पुलावर गाडीचा आवाज आला की मूठ सुटायची, आणि तात्या दारात आल्यावर ती नुसतं "आलासा व्हय" म्हणून चहाला आधण ठेवायची. तात्या म्हणायचे, "उगं कशाला भितीस?" पण गाडी लावायच्या आधी ते एक हॉर्न द्यायचे, तो तिच्यासाठीच.

या घरात तिला सगळ्यात मोठी भीती होती ती आत्यांची. आत्या म्हणजे तात्यांची थोरली बहीण, इंदापूरला दिलेली. बाई मनानं वाईट नाही, पण जीभ तिखट, आणि माझ्या आईवर तिचा फार जीव. दर वर्षी पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला, अहेवपणी गेलेल्या बाईचं पान घालतात त्या दिवशी, आत्या सकाळच्या एसटीनं हजर. आईला आवडायची म्हणून धाकली शेवयांची खीर करायची, जायफळ जरा जास्तच घालून. नैवेद्य झाला की पहिली वाटी आत्यांना. आत्या वाटी तोंडाला लावायच्या आणि धाकली दाराच्या चौकटीला धरून उभी. "बरी झालीया," आत्या म्हणायच्या. धाकलीचे खांदे सैल पडणार एवढ्यात पुढचं यायचं, "पर थोरलीच्या हातची सर न्हाय." दर वर्षी हेच. एवढं एक वाक्य ऐकायला धाकली वर्षभर भीत भीत जगायची, असं मला वाटायचं आणि आत्यांचा संताप यायचा.

आता बर्फाच्या सिनेमाचं सांगते. आईनं इंदापूरच्या बाजारातून एक सीडी आणली होती. कुठल्याशा गार मुलखातली एक मुलगी आणि एक मुलगा, पायात पात्याचे बूट घालून गोठलेल्या तळ्यावर नाचतात. हिंदीत बोलतात. मुलीचा गुडघा मोडतो, सगळे म्हणतात दुसरी जोडीदारीण घे, पण तो ऐकत नाही. शेवटी पहाटेच्या उजेडात दोघं हातात हात घालून त्याच तळ्यावर गोल गोल फिरतात. बास, एवढंच. पण वैशाखात पत्रा तापलेला असताना पंख्याखाली बसून आई आणि मी तो सिनेमा किती वेळा पाहिला असेल! आई म्हणायची, "बघूनच जिवाला गार वाटतं."

धाकली आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात तिला ती सीडी कपाटात सापडली. "लाव की," म्हणाली. मुलगी बर्फावर आली मात्र, धाकलीनं पदर डोळ्यांवर ओढला. "पडंल गं ती! आगं, पडंल!" मी सांगितलं, शेवट गोड आहे. "शेवट गोड आसंल गं, पर मधी पडती का न्हाय?" मग जरा धीर आल्यावर तिनं मला एक विचारलं, "हितं ताई काय करायच्या? रडायच्या का हसायच्या?" मी सांगितलं, इथं रडायची. पुढं म्हाताऱ्या शिक्षकाची टोपी उडते तिथं पोट धरून हसायची. सबंध सिनेमाभर ती विचारत राहिली आणि मी सांगत राहिले. आई गेल्यापासून आमच्या घरात आईबद्दल कुणी मला काही विचारलंच नव्हतं. मी रडेन म्हणून सगळे गप्प. त्या दुपारी मी पोटभर रडले आणि मला फार बरं वाटलं. पुढच्या उन्हाळ्यात टोपी उडाली तेव्हा धाकली बरोबर त्या जागी हसली, पदराआडून.

वर्षं गेली. माझं लग्न झालं, मी बारामतीत राहायला आले. आणि दोन वर्षांपूर्वी त्या सिनेमाचा दुसरा भाग आला. मी मोबाइलवर एका बैठकीत पाहून टाकला आणि कपाळाला हात लावला. तळं नाही, पहाट नाही, म्हातारा शिक्षक नाही. मोठं थोरलं स्टेडियम आणि डोळे दिपवणारे दिवे. पहिली मुलगी आधीच वारलेली, तिचा नुसता फोटो. आणि तिच्या जागी एक नवी पोरगी, तिचेच जुने बूट घालून. मी धाकलीला फोनवर तावातावानं सांगितलं, "पार वाटोळं केलं गं! पहिलीची सर नाही त्या पोरीला."

 पलीकडून धाकली म्हणाली, "तिनं काय केलंय गं? ती काय जागा मागाय गेली व्हती? बोलावली म्हणून आली आसंल."

मी जीभ चावली. तिला म्हटलं, ये इकडं, दोघी मिळून बघू. पण ती ऐकेना. "नगं बाई. लोकं तिला नावं ठेवत्यात ते मला बघवायचं न्हाय." नंतर मी सणसरला गेले की तीच विषय काढायची, आणि मी फोन हातात घेतला की तीच उठून गोठ्यात जायची.

मग तिला धाप लागायला लागली. दोन पायऱ्या चढल्या की ओठ निळे. बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप खराब झालीय, बदलावी लागेल. कुकरला भिणारी बाई ती. छाती उघडणार म्हटल्यावर तिची काय गत झाली असेल! पण ती रडली-ओरडली नाही. अगदी गप्प झाली, आणि त्यानं माझीच पाचावर धारण बसली. भीती खरजेसारखी असते, एकाची दुसऱ्याला लागते. ऑपरेशनच्या दिवशी दुपारपर्यंत थांबायचं होतं. तात्या बाहेर बाकावर. मी कॉटशेजारी. धाकली अचानक म्हणाली, "लाव त्यो दुसरा."

लावला. मांडीवर उशी, उशीवर मोबाइल. नवी पोरगी जुने बूट घालून आली. बर्फावर पाय टाकायच्या आधी कठड्याला धरून उभी राहिली. धाकली पुढं झुकली. "बघ, इचारती बघ ती. थोरलीला इचारती." मी हा सिनेमा आधी पाहिला होता, पण मला ते दिसलं नव्हतं. तेवढ्यात सिस्टर आली. अंगावरचे दागिने काढून द्या म्हणाली.

बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढलं. टाक मात्र धाकलीनं मुठीत धरून ठेवला. लग्नापासून तो कधी गळ्यातून उतरला नव्हता. मी दोरा सोडवला. तिनं टाक माझ्या मुठीत ठेवला आणि माझी मूठ आपल्या दोन्ही हातांत घट्ट दाबली. "ताईंना धर. मी आल्याव घालती परत." स्ट्रेचर आलं. जाता जाता तिनं मान वळवली, "ती नवी पडती का गं?"

"नाही पडत," मी म्हणाले.

"म्हंजी पडतीच," धाकली म्हणाली. "पर उठती का?"

"उठते."

"मग बास."

ती उठली नाही. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले तेव्हा तो टाक माझ्या हातात घामानं ओला झाला होता, आणि त्याच्या कडेचा वळ तळहातावर उठला होता. धाकली आयुष्यभर ज्या ज्या गोष्टींना भ्याली त्यातली एकही तिच्या वाट्याला आली नव्हती, शेवटची सोडून. आता मीही कुकर लावला की स्वयंपाकघरातून बाहेर येते. नवरा हसतो. हसू दे.

यंदाच्या अविधवा नवमीला मी सणसरला गेले. भिंतीवर आता दोन फोटो आहेत आणि धाकलीच्या फोटोच्या खिळ्याला तो टाक अडकवला आहे. दोन पानं वाढली. खीर मी केली. धाकलीला काय आवडायचं ते तात्यांना विचारलं, त्यांनाही सांगता येईना, म्हणून तिच्याच पद्धतीनं, जायफळ जास्त घालून. आत्या सकाळच्या एसटीनं आल्या होत्या, काठी टेकत. नैवेद्य झाल्यावर पहिली वाटी त्यांच्या हातात दिली आणि मी जाऊन दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. 

आत्यांनी वाटी तोंडाला लावली. "बरी झालीया," म्हणाल्या. आणि मग सवयीनं, स्वतःशीच बोलल्यासारखं, "पर धाकलीच्या हातची सर न्हाय."

बोलून गेल्या आणि वाटी हातात धरून तशाच बसल्या. तात्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं. माझ्याच्यानं राहवेना. मी फोटोपाशी गेले, टाक चिमटीत धरला आणि म्हणाले, "धाकले, तुझ्या वन्सं काय म्हणाल्या, ऐकलंस का?"