देवयानीचे दोन तुकडे

कपाट आवरताना फोटोंच्या जुन्या पाकिटातून फिल्म धुण्याच्या हायपोचा आंबूस वास आला आणि मी पुन्हा लखनौच्या चारबागजवळच्या त्या फोटो स्टुडिओत जाऊन उभी राहिले.

जैसलमेरच्या वाळूत रात्रभर कॅमेरा लावून ह्यांनी देवयानी दीर्घिकेचे फोटो काढले होते. आदल्या संध्याकाळी म्हणाले, "रोलवरचा पहिला फोटो तुझा काढतो. आकाशाची फिल्म धुतल्यावर कोरीच दिसते, एक फोटो कुठे संपतो ते कळत नाही. तुझ्या फोटोवरून फिल्म कापणाऱ्याला पुढचं माप कळेल." नुसती खूण म्हणून उभं राहायचं, याचा मला राग आला. केस विस्कटलेत म्हणून मी नाही म्हटलं.

लखनौला परतल्यावर रोल धुवायला दिला, तेव्हापासून ह्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. रोज स्टुडिओत फेरी. अखेर स्टुडिओवाल्याने कापलेल्या फिल्मच्या पट्ट्या पुढे सरकवल्या. "साहब, सब ख़ाली दिख रहा था, अंदाज़ से काट दिया." देवयानी मधोमध कापली गेली होती. आता हे बोलतील म्हणून मी पदराचं टोक पिळत राहिले. हे एवढंच म्हणाले, "चल, रिक्षा बघू."

वाळवंटात पुन्हा जाणं झालंच नाही. पण नंतरच्या प्रत्येक रोलवर, बारशाचा असो की सहलीचा, पहिला फोटो माझाच आहे. मला तो टोमणाच वाटायचा, म्हणून एकातही मी हसलेली नाही.