टेपवर नसलेलं बोलणं

आमच्या भागात देवचाराच्या, भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी चप्पल घालून बाहेर पडणारा माणूस. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो, त्यामुळे आवाज म्हणजे काय, तो वायरमधून कसा जातो, हे पोरांना फळ्यावर काढून दाखवायची सवय. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली…

२००५ साल. आम्ही जामसंड्याला राहायचो. घरच्या जुन्या व्हिडिओ टेपना बुरशी धरायला लागली होती, म्हणून कॉम्प्युटरला कॅप्चर कार्ड बसवून त्या सीडीवर घेत होतो. हे कळल्यावर तारकर्लीची माझी मावशी एक टेप पदराखाली धरून आली. तिच्या मुलीच्या लग्नाची. शूटिंग केलं होतं तिच्या मुलाने, बाबनने. जहाजावर नोकरीला असताना त्याने कॅमेरा आणला होता. म्हणजे टेपमध्ये बाबन कुठेच दिसत नाही, फक्त कॅमेऱ्यामागून त्याचा आवाज येतो.

बाबन आदल्या वर्षी समुद्रात गेला. नोकरी सोडून गावी होडी घेतली होती. एका पहाटे गेला… होडी मिळाली, तो मिळाला नाही.

तेव्हापासून मावशी जेवायचीच नाही म्हटलं तरी चालेल. दिवसातून एकदा वाटीभर पेज. आग्रह केला की म्हणायची, "उपाशी गेलो रे माझो झील. माझ्या घशाखाली कसा उतरात?" अंगाचं नुसतं चिपाड झालं होतं.

दुपारी टेप लावली. मावशी माझ्या शेजारी स्टुलावर बसली, माझी बायको मेधा दारात उभी. व्हीसीआरमधून वायर थेट कॉम्प्युटरमध्ये. माईक आमच्या घरात नव्हताच – हे मुद्दाम सांगतो.

स्क्रीनवर मांडव, केळीचे खांब, नारळ खवणाऱ्या बायका. त्यांत मावशी. मागून बाबन ओरडला, "आये, हडे बघ गो!"

टेपमधल्या मावशीने हसत तोंडावर पदर घेतला. "बंद कर मेल्या तो कॅमेरो!"

त्या 'मेल्या'वर माझ्या शेजारी बसलेली मावशी हलली. मग स्क्रीनकडे झुकून अगदी हळू म्हणाली, "जेवलंस काय रे बाबू?"

मेधा तोंड फिरवून आत गेली. टेप पुढे चालू राहिली – वरात, पंगत, मग स्क्रीनभर नुसत्या मुंग्या.

मावशी संध्याकाळच्या एसटीने गेली. दुसऱ्या दिवशी सीडी करण्याआधी मी कॉम्प्युटरवर उतरलेली फाईल तपासायला बसलो. "बंद कर मेल्या तो कॅमेरो" झालं… आणि स्पीकरमधून मावशीचा थकलेला, आजचा आवाज आला. "जेवलंस काय रे बाबू?"

लगेच कॅमेऱ्यामागून, अगदी जवळून –

"जेवलंय गो आये. तू जेव आता."

मेधाला हाक मारली. तिनेही ऐकलं. मूळ टेप पुन्हा लावली, तर तिथे नुसता खवणीचा आवाज. फाईलमध्ये मात्र दोघांचं बोलणं, स्वच्छ.

"तेवढं कापून टाकतो," मी म्हटलं. "मावशीला सोसणार नाही."

"तुम्ही कोण कापणारे?" मेधा म्हणाली.

रविवारी आम्ही दोघं तारकर्लीला गेलो. शेजाऱ्यांकडून सीडी प्लेअर आणला. ती जागा जवळ आली तशी मी मावशीचा हात धरून ठेवला. आवाज आला. ती दचकली नाही, रडलीही नाही. उलट माझ्याकडेच नवलाने बघायला लागली.

"ह्या तर त्या दिवशीच बोल्लो तो. तुका ऐकाक नाय इला? माझ्या बाजूकच तर होतंस."

ती उठली, चुलीकडे गेली, स्वतःच पान वाढून घेतलं. भात, वर बांगड्याचं तिखलं. शांतपणे सगळं जेवली. हात धुताना म्हणाली, "आता त्याचा काय ता करून घेऊया." तिने वर्षभर अडवून धरलेलं क्रियाकर्म त्याच महिन्यात झालं.

नंतर साउंड रेकॉर्डिंगमधल्या एका मित्राला ती फाईल दिली. त्याने दोन दिवस ठेवून घेतली. "आवाजाला मागून दिलेला जोड कुठेच नाही रे," एवढंच म्हणाला, आणि परत देताना नजर टाळली.

कार्ड, वायर, कॉम्प्युटर – सगळं तपासून झालंय. आवाज आत कुठून गेला ते मला आजही फळ्यावर काढून दाखवता येणार नाही. पण खरं सांगू? त्याहून जास्त मला दुसरंच छळतं. मी तिच्यापासून हातभरावर बसलो होतो… आणि मला काहीच ऐकू आलं नाही.